सरकारी दप्तरातील नोंदींवर समाजाचा अभ्यास कितपत उभा राहू शकतो?

संशोधिका

नमस्कार. कौटुंबिक अर्थसाहाय्य आणि मुलांचे शिक्षण यांच्या संबंधावर मी पीएच.डी.साठी काम करते आहे. गरीब कुटुंबाला दरमहा मिळणारे साहाय्य बंद झाले की त्या घरातील मुलांची शाळा सुटते का, आणि सुटत असेल तर किती दिवसांनी, हा माझा प्रश्न आहे. मूळ आराखडा घरोघरी जाऊन सर्वेक्षण करण्याचा होता. आता मात्र दोन सरकारी विभागांच्या नोंदी अभ्यासासाठी मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. एका विभागाकडे साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांची दहा वर्षांची माहिती आहे, तर दुसऱ्याकडे शाळांच्या पटाची. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की सगळीच कुटुंबे हाती येत असतील तर काही शे घरांचा नमुना काढून वणवण करण्यात अर्थ नाही.

मला दोन गोष्टी स्वस्थ बसू देत नाहीत. या नोंदी कोणीतरी पैसे वाटण्यासाठी केल्या आहेत, माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून नव्हे. शिवाय अर्ज भरणाऱ्या बाईने आपल्या घरची माहिती दिली ती साहाय्य मिळावे म्हणून. माझ्या अभ्यासाला तिने कधी होकार दिला? ज्यांनी अशा नोंदींवर काम केले आहे, किंवा ज्यांनी स्वतः त्या लिहिल्या आहेत, त्यांनी कृपया मनमोकळेपणाने लिहावे.

मध्यमान

तुमच्या मार्गदर्शकांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे आणि ते निम्मे महत्त्वाचे आहे. सर्वेक्षणात माणसे विसरतात, लाजतात, कंटाळतात. अमेरिकेत सर्वेक्षणातील उत्तरे आणि साहाय्य विभागाच्या नोंदी एकमेकींशी जोडून पाहिल्या, तेव्हा ज्यांना साहाय्य मिळाल्याची नोंद आहे अशा अनेकांनी प्रश्नकर्त्याला ‘नाही’ असे उत्तर दिल्याचे आढळले. दप्तराला अशी भीड नसते. डेन्मार्कने १९६८ मध्ये प्रत्येक रहिवाशाला ओळख क्रमांक दिला आणि १९८१ ची जनगणना एकाही घराचे दार न ठोठावता केवळ नोंदींवरून पूर्ण केली. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्राप्तिकराच्या नोंदींवरून चार कोटींहून अधिक मुलांची सांपत्तिक स्थिती त्यांच्या आईवडिलांच्या स्थितीशी ताडून पाहिली. एकाच देशात कोणत्या भागात वाढलेले गरीब मूल वर चढते आणि कोणत्या भागातले तिथेच राहते, हे इतक्या बारकाईने दाखवणे कोणत्याही सर्वेक्षणाच्या आवाक्यात नव्हते.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मी सावध करीन. नमुन्याची चूक संपली म्हणजे चूक संपली असे होत नाही. तुमच्या हाती येणार आहेत ती ‘सगळी कुटुंबे’ म्हणजे ज्यांना योजना कळली, ज्यांनी अर्ज केला, ज्यांची कागदपत्रे पुरी पडली आणि ज्यांचा अर्ज मंजूर झाला, अशी सगळी कुटुंबे. जे दारातूनच परत गेले, त्यांची ओळ त्या तक्त्यात नाही.

जुनी_नोंदवही

मी तीस वर्षे अशा नोंदी लिहिल्या आणि शेवटची सात वर्षे इतरांनी लिहिलेल्या तपासल्या. कार्यालयाचे नाव घेत नाही. संशोधिकाताई, तुमच्या पहिल्या शंकेबद्दल एक प्रसंग सांगतो.

आमच्याकडे संगणक आला तेव्हा नोंदवहीतला ‘शेरा’ हा रकाना गेला आणि त्याच्या जागी कारणांची ठरावीक यादी आली. मूल शाळेतून का गेले, याची नऊ कारणे त्या यादीत होती. यादी उघडली की ‘कुटुंबाचे स्थलांतर’ हे कारण सर्वांत वर दिसत असे आणि काही न निवडता पुढे जाऊ पाहिले तर यंत्र अडवत असे. एका दिवसात दोनशे नावे भरायची, समोर रांग उभी, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. हात आपोआप पहिल्या ओळीवर पडू लागला. त्याआधी कागदी नोंदवहीत याच जागी मी काय काय वाचले होते, ते आजही आठवते: ‘आई आजारी, धाकट्यास सांभाळते’, ‘वडील मयत, कामास जातो’, ‘मास्तरांनी मारले म्हणून येत नाही’. यंत्रात त्या तिन्ही मुलांचे स्थलांतर झाले.

पुढे एका अभ्यासगटाचा अहवाल आमच्याकडे आला. आमच्या भागात शाळागळतीचे प्रमुख कारण स्थलांतर आहे, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्यावर उपायही सुचवले होते. तो अहवाल कष्टाने लिहिलेला होता. आम्हाला येऊन एकानेही विचारले नाही, की ही माहिती भरते कोण आणि कशी.

आकडेमोड

जुनी_नोंदवही, तुमचा प्रतिसाद आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

माझा अनुभव तारखांचा आहे. अर्जांच्या नोंदींवर काम करताना आर्थिक वर्षाच्या अखेरच्या पंधरवड्यात अर्जांचा प्रचंड उंचवटा दिसत होता. वर्षअखेरीस लोकांची अडचण वाढते, असे मी जवळजवळ लिहून टाकले होते. तेवढ्यात एका सहकारिणीने मूळ अर्जांचे गठ्ठे पाहण्याचा आग्रह धरला. अर्ज वर्षभर सारखेच येत होते. साचलेला ढीग वर्षअखेरीस यंत्रात भरला जात होता. ‘दिनांक’ या साध्या रकान्याचा अर्थ ‘नोंद यंत्रात चढवल्याचा दिनांक’ असा होता. अर्ज केल्याचा दिवस, मंजुरीचा दिवस, रक्कम सुटल्याचा दिवस आणि ती हाती पडल्याचा दिवस हे चार वेगळे दिवस असतात, आणि रकान्याच्या मथळ्यावरून त्यांतला कोणता ते कळत नाही.

वयाचेही तसेच. शेवटी शून्य किंवा पाच असलेली वये नेहमीपेक्षा जास्त भरतात आणि जन्मदिनांक ठाऊक नसलेल्याचा जन्म वर्षाच्या पहिल्या दिवशी होतो. लोकसंख्याशास्त्रात व्हिपलचा निर्देशांक याच गोष्टीसाठी वापरतात: त्यात २३ ते ६२ या वयांतील शून्य आणि पाचने संपणारी वये मोजतात, वये नीट सांगितलेली असतील तर उत्तर १०० च्या आसपास येते आणि सगळ्यांचीच वये शून्य-पाचवर आली तर ५००. फाइल हाती येताच ही परीक्षा करून पाहा, अर्ध्या तासाचे काम आहे.

काठावरचा

मला इथला सूर एकतर्फी वाटतो. नोंदी सदोष असतात, हे समाजशास्त्राला नव्याने कळलेले नाही. जॉन ग्रॉन्ट यांनी १६६२ मध्ये लंडनच्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवरून लोकसंख्येचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हाच त्यांनी ओळखले होते, की मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या तपासणीस स्त्रिया लाजिरवाण्या गुप्तरोगाने झालेले मृत्यू क्षयासारख्या कारणाखाली टाकतात. तरीही त्यांनी याद्या फेकून दिल्या नाहीत. कोणता आकडा कोणत्या दिशेने झुकलेला आहे, याचा अंदाज घेत ते पुढे गेले.

आणि वाकलेली नोंद हाच कधी कधी अभ्यासाचा शोध असतो. कोलंबियात गरिबीचे गुण देऊन साहाय्य ठरवत असत आणि एका योजनेसाठी ४७ गुणांची मर्यादा होती. गुण कसे काढतात हे स्थानिक अधिकाऱ्यांना समजल्यानंतरच्या वर्षांत त्या मर्यादेच्या अगदी आतल्या बाजूला कुटुंबांची गर्दी होऊ लागली आणि बाहेरच्या बाजूला ओहोटी लागली. कामाचो आणि कोनोव्हर या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हे नोंदींवरूनच दाखवून दिले. घरोघरी विचारून कोणी असे कबूल केले असते का? मर्यादेच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्यांची तुलना करण्याची पद्धत १९६० पासून उपलब्ध आहे आणि ती सरकारी नोंदींवर जितकी चांगली चालते तितकी कोठेच नाही. संशोधिका, साहाय्य बंद होण्यासाठी उत्पन्नाची किंवा वयाची अशी काही मर्यादा असेल, तर तिच्या दोन्ही काठांवरची मुले पाहा.

मध्यमान

काठावरचा, सहमत आहे, एका अटीवर. त्या तुलनेआधी मर्यादेपाशी कोलंबियासारखी गर्दी आहे का, ते पाहावेच लागते. गर्दी असेल तर दोन्ही काठांवरची कुटुंबे सारखी राहत नाहीत. आत ती येतात ज्यांची ओळख आहे.

दुवा

दोन विभागांच्या नोंदी जोडायच्या आहेत म्हणता, म्हणून लिहिते. हे माझे रोजचे काम आहे.

दोन्हीकडे एकच ओळख क्रमांक नसेल, तर नाव, जन्मदिनांक, लिंग, पत्ता यांवरून जुळवणी करावी लागेल. याचे गणित फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडले: प्रत्येक बाब जुळली तर किती वजन द्यायचे, जुळली नाही तर किती वजा करायचे, आणि एकूण वजन कोणत्या रेषेवर गेले की ‘हीच ती व्यक्ती’ असे म्हणायचे. दुर्मीळ आडनाव जुळणे आणि गावभर पसरलेले आडनाव जुळणे यांचे वजन वेगळे असते. गणित सुंदर आहे. अडचण अशी, की न जुळणाऱ्या नोंदी समाजात सारख्या विखुरलेल्या नसतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया, सतत घर बदलणारी कुटुंबे, एका लिपीतले नाव दुसऱ्या लिपीत तीन प्रकारे लिहिले जाणारे लोक, आईच्या नावाने एकीकडे आणि वडिलांच्या नावाने दुसरीकडे नोंदलेली मुले, हे वारंवार निसटतात. आणि बहुतेक वेळा हेच लोक सर्वांत गरीब असतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे पाहा. साहाय्याच्या यादीतले मूल शाळेच्या पटावर सापडले नाही, तर तुमचा तक्ता म्हणेल ‘शाळा सुटली’. ते मूल कदाचित वर्गात बसलेले असेल आणि त्याच्या नावातली एक वेलांटी चुकलेली असेल. जुळणीतली चूक आणि तुम्ही शोधत असलेला परिणाम यांचा चेहरा इथे अगदी एकसारखा आहे.

दोन विभाग एकच गोष्ट वेगवेगळ्या काळाच्या मापाने मोजतात, हे विसरल्यास काय होते, त्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तेथे कर विभागाकडे वर्षाचे उत्पन्न होते आणि साहाय्य पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत असे. वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत समान वाटून यंत्राने ‘तुम्हाला जास्त रक्कम मिळाली, परत करा’ अशी पत्रे पाठवली. वर्षातले चार महिने काम आणि आठ महिने बेकारी, असे जगणाऱ्या माणसावर नसलेले कर्ज चढले. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या सर्व प्रकारावर कठोर ठपका ठेवला. तो संशोधनाचा प्रकल्प नव्हता, पण त्यातले भागाकाराचे गणित कोणताही संशोधक निष्काळजीपणाने करू शकतो.

विधिज्ञा

संमतीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून मी लिहिते.

लाखो लोकांकडे जाऊन पूर्वीच्या नोंदींसाठी संमती घेणे शक्य नसते, आणि केवळ संमती देणाऱ्यांच्याच नोंदी घेतल्या तर सर्वेक्षणाचाच दोष परत येतो. म्हणून अनेक कायदे येथे वाट ठेवतात. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमांनुसार एका हेतूने घेतलेली माहिती संशोधनासाठी वापरणे हे मूळ हेतूशी विसंगत मानले जात नाही, मात्र पुरेशी सुरक्षाव्यवस्था हवी. यामागे मोठा इतिहास आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये जनगणनेच्या प्रकरणात निर्णय दिला, की आपली माहिती कोणी, कशासाठी वापरावी हे ठरवण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचा आहे. त्याच निर्णयात आकडेवारी आणि प्रशासन यांच्यात भिंत असावी, हे तत्त्व आले: सांख्यिकीसाठी घेतलेली माहिती त्या माणसावर कारवाई करण्यासाठी फिरवता कामा नये.

कायद्याची वाट मोकळी असली म्हणजे लोकांचा विश्वास मिळतो असे नाही. इंग्लंडमध्ये कौटुंबिक डॉक्टरांकडील नोंदी एकत्र आणण्याची ‘केअर डॉट डेटा’ ही योजना २०१३ मध्ये जाहीर झाली, लोकांना नीट न सांगितल्याने २०१४ मध्ये थांबवावी लागली आणि २०१६ मध्ये गुंडाळली गेली. कायदा होता, उपयोगही खरा होता, पण ज्यांची माहिती होती त्यांना विश्वासात घेतले नव्हते.

आणि कृपया ‘नावे काढून टाकली आहेत’ यावर विसंबू नका. लताण्या स्वीनी यांनी अमेरिकेत दाखवून दिले, की पिनकोड, पूर्ण जन्मदिनांक आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींनी तिथली सुमारे ८७ टक्के माणसे एकमेव ठरू शकतात. नावे काढलेल्या रुग्णनोंदींतून त्यांनी मतदारयादीच्या आधारे एका राज्याच्या गव्हर्नरांची नोंद ओळखून काढली होती. एखाद्या लहान वस्तीतील ‘तीन अपत्ये, आई विधवा, थोरली मुलगी शाळेबाहेर’ ही ओळ वाचून शेजारी घर ओळखतात.

शेवटचा_बाक

ओळखले तर ओळखले. संशोधक काय कोणाचे वाईट करणार आहे?

विधिज्ञा

संशोधक करणार नाही असे मानू. यादी मात्र संशोधकाच्या हेतूपेक्षा जास्त जगते. नेदरलँड्समधील लोकसंख्येची नोंदवही युद्धापूर्वी अत्यंत व्यवस्थित ठेवलेली होती आणि तिच्यात धर्माचीही नोंद होती. जर्मन ताब्याच्या काळात तीच नोंदवही ज्यूंना शोधण्यासाठी वापरली गेली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी ॲमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवून दिले. त्यांपैकी अनेकांना त्यासाठी मृत्युदंड झाला. चांगल्या हेतूने, चांगल्या अक्षरात लिहिलेली नोंद जाळण्यासाठी माणसांना जीव द्यावा लागला, हे मी प्रत्येक प्रकल्पाची छाननी करताना मनात ठेवते.

म्हणूनच अनेक देशांत संशोधकाला फाइल हातात देत नाहीत. सुरक्षित कक्षात बसून काम करायचे, बाहेर फक्त तपासलेले तक्ते न्यायचे, आणि एखाद्या चौकटीत फारच थोडी माणसे असतील तर ती चौकट रिकामी ठेवायची. प्रकल्प, माणसे, जागा, माहिती आणि निष्कर्ष या पाचही अंगांनी सुरक्षितता पाहण्याची ब्रिटनमध्ये रुजलेली चौकट आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. संशोधिका, तुम्हाला फाइल ईमेलने पाठवू असे कोणी म्हणाले, तर नको म्हणा.

फळा_खडू

मी शिक्षिका आहे. पटावरच्या नावांबद्दल मला सांगायलाच हवे. मूल यायचे थांबले, की त्याच दिवशी नाव कमी होत नाही. शिक्षकांची पदे आणि शाळेचे अनुदान पटसंख्येवर ठरत असेल, तर नाव शक्य तितके दिवस ठेवले जाते. यात स्वार्थ असतोच असेही नाही. नाव एकदा कमी केले की मूल परत आल्यावर पुन्हा प्रवेशाचे सगळे सोपस्कार करावे लागतात, म्हणूनही आम्ही वाट पाहतो. मी स्वतः एका मुलीचे नाव पाच महिने ठेवले होते आणि ती परत आली. तुमच्या नोंदीत ती मुलगी कधी शाळेबाहेर गेलीच नव्हती.

काठावरचा

फळा_खडू यांच्या प्रतिसादाने माझे मत थोडे बदलले आहे. ज्या आकड्यावर पैसा किंवा पद अवलंबून असते तो आकडा हळूहळू वाकतो, हे डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडले. मी त्यात फक्त लबाडी पाहत होतो. त्यात मायाही असू शकते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

जुनी_नोंदवही

संशोधिकाताई, एक विचारायचे राहून गेले. साहाय्य बंद का होते, याची कारणे नियमांत कोणती दिली आहेत? मूल शाळेत हजर नसणे हे त्यांतले एक आहे का?

संशोधिका

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस नियमपुस्तिका आणि दोन्ही विभागांचे रकाने घेऊन बसले होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

जुनी_नोंदवही काका, आहे. सलग गैरहजेरी असेल तर साहाय्य थांबवता येते, असे एक कलम आहे आणि ते चौथ्या वर्षापासून लागू झाले. म्हणजे काही कुटुंबांत साहाय्य थांबले म्हणून मूल घरी राहिले असेल, आणि काहींत मूल घरी राहिले म्हणून साहाय्य थांबले असेल. कोणते आधी घडले, हे तारखांवरूनच ठरणार. साहाय्य थांबल्याचा दिनांक आकडेमोड म्हणतात तसा नोंद चढवल्याचा निघाला आणि नाव कमी झाल्याचा दिनांक फळा_खडूताई म्हणतात तसा काही महिने मागे राहिलेला. माझ्या मूळ प्रश्नातील ‘किती दिवसांनी’ हे शब्द या दोन नोंदींच्या जोरावर टिकत नाहीत. मार्गदर्शकांना तक्ता काढून दाखवला आणि त्यांनाही ते पटले.

सध्या असे ठरवले आहे. कलम लागू होण्यापूर्वीच्या तीन वर्षांवरच मुख्य अभ्यास करायचा. त्यातही धाकटे अपत्य ठरावीक वयाचे झाल्याने ज्यांचे साहाय्य बंद झाले, तेवढीच कुटुंबे घ्यायची, कारण तो दिवस जन्मदिनांकावरून काढता येतो आणि त्यावर मोठ्या भावंडाच्या हजेरीचा परिणाम होत नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेली मुले वेगळी काढून पाहीन. पटाऐवजी काही शाळांचे रोजचे हजेरीपट मागितले आहेत. घरोघरी जाणेही सोडलेले नाही. फक्त नमुना बदलला आहे. दुवाताई म्हणाल्या त्या न जुळलेल्या नोंदींतून दीडशे घरे निवडून तिथे जायचे, म्हणजे त्यांतली किती मुले खरोखर शाळेबाहेर आहेत आणि किती फक्त माझ्या तक्त्याबाहेर, ते कळेल. मात्र या घरांचे पत्ते मला थेट मिळू नयेत. विभागानेच आधी पत्र पाठवून विचारावे आणि होकार देणाऱ्यांचाच पत्ता द्यावा, अशी विनंती नीतिमत्ता समितीकडे केली आहे. विधिज्ञाताई, यात काही उणे असेल तर सांगा.

विधिज्ञा

विभागाच्या पत्रात एक वाक्य ठळक अक्षरांत असू द्या: नकार दिला तरी साहाय्यावर काहीही परिणाम होणार नाही. ते साहाय्य देणाऱ्याच कार्यालयाचे पत्र असेल, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात पहिली भीती तीच येईल.

जुनी_नोंदवही

आणि कागदी नोंदवह्या अजून शिल्लक असतील तर त्या मागा. यंत्रात फक्त छापील रकाने चढवले गेले. समासात पेन्सिलीने लिहिलेले चढवायला कोणी सांगितले नव्हते, आणि मूल घरी का राहिले ते आम्ही बहुधा तिथेच लिहीत असू.